समोरचा माणूस काढताना

मराठीत 'व्यक्तिचित्र' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. चित्रकार समोर बसवलेल्या माणसाचे जे काढतो ते व्यक्तिचित्र आणि लेखक ओळखीच्या माणसाविषयी जे लिहितो तेही व्यक्तिचित्रच. 'माणदेशी माणसं' (१९४९) लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर लेखणीइतक्याच आवडीने पेन्सिलही हाती धरीत, हा मला योगायोग वाटत नाही. दोन्ही कामांची सुरुवात एकाच गोष्टीने होते. समोरच्या माणसाकडे निवांतपणे, त्याच्याविषयी आधीच मत न बनवता पाहायचे! ऐकायला हे किती सोपे वाटते. पण गेली पंचवीस-तीस वर्षे शाळकरी मुलांना चित्रकला शिकवल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की, हे पाहणे आपोआप येत नाही. ते शिकवावे लागते. आणि आपल्या शाळांतून ते शिकवण्याची सोय जवळजवळ नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या आपल्या घरोघरी ठाऊक असलेल्या परीक्षा. कला संचालनालय त्या घेते आणि दरवर्षी राज्यभरातली हजारो मुले ड्रॉइंग बोर्ड बगलेत मारून त्यांना बसतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे विषय. या परीक्षांनी महाराष्ट्राला चित्रकलेची गोडी लावली, हे मान्य करायलाच हवे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तांब्या, बादली, कांदे, वांगी यांच्याकडे मुलाने टक लावून पाहावे, अशी तिथे अपेक्षा असते. जिवंत माणसाकडे पाहावे, अशी मात्र नसते. माणूस येतो तो स्मरणचित्रात. 'बाजाराचे दृश्य', 'बसथांबा', 'गणपती विसर्जन' असे विषय येतात आणि मुले क्लासमध्ये घोटून घेतलेली माणसे कागदावर उतरवतात. अंडाकृती डोके, पाठमोरा अंबाडा, कमरेवर हात. बाजारातल्या त्याच भाजीवालीच्या डोक्यावर कळशी ठेवली की ती पाणवठ्यावर जाते आणि हातात झेंडा दिला की प्रभातफेरीत! स्मरणचित्रात स्मरण असते ते क्लासच्या सरांच्या हाताचे. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे स्मरण त्यात सहसा नसते.

दुसरीकडे घराघरांत वेगळाच प्रकार चालतो. मूल मोबाइलवरून एखाद्या नटाचा किंवा क्रिकेटपटूचा फोटो घेते, त्यावर चौकटी आखते आणि चौकटीगणिक शेडिंग करत चित्र पुरे करते. आई-बाबा ते पाहुण्यांना दाखवतात. पाहुणे म्हणतात, "वा! अगदी हुबेहूब!" या 'हुबेहूब' शब्दाने मुलांचे जितके कौतुक केले तितकेच नुकसानही केले आहे. हुबेहूबच हवे असेल तर कॅमेरा आहे आणि आता तर चार शब्द सांगितले की यंत्र हवा तो चेहरा क्षणात तयार करून देते. मग तासभर बसून पेन्सिलीने माणूस काढायचा तो कशासाठी? माझे उत्तर असे की, कागदावर उरणारे चित्र हा या कामाचा निम्माच लाभ आहे. उरलेला निम्मा लाभ मुलाच्या डोळ्यांत आणि समोर बसलेल्या माणसाच्या मनात जमा होतो.

ओळखणे वेगळे, पाहणे वेगळे

पहिल्यांदा माणूस काढणाऱ्या मुलांच्या चित्रांत, काही शिकवले नसेल तर, एक चूक हमखास सापडते. डोळे फार वर जातात. कपाळ आखूड होते आणि डोक्याचा वरचा भाग कापल्यासारखा दिसतो. खरे तर मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत जितके अंतर, जवळजवळ तितकेच डोळ्यांपासून टाळूपर्यंत. रोज आरसा पाहूनही हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण आपण चेहरा पाहत नाही, ओळखतो. आपल्या मेंदूत चेहरे ओळखण्याची खास व्यवस्था आहे. गर्दीत क्षणार्धात ती सांगते, 'ही आई.' ओळख पटली की डोळ्यांचे काम संपले! भुवया, डोळे, ओठ यांतून भाव कळतो म्हणून ते आपल्याला मोठे वाटतात. टाळूतून काहीच कळत नाही म्हणून ती कागदावरून नाहीशी होते.

ही ओळखण्याची घाई मोडण्यासाठी कलाशिक्षकांनी पुष्कळ युक्त्या काढल्या आहेत. अमेरिकेतील किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, कागदाकडे न पाहता केवळ समोरच्या वस्तूच्या कडेवरून नजर फिरवत रेषा काढण्याचा अभ्यास दिला आहे. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून काढायला सांगितले. उलट्या चित्रात नाक हे नाक राहत नाही, नुसती रेषा होते, आणि मग हात खरे तेच काढू लागतो. मी माझ्या मुलांना पहिले दोन आठवडे एकमेकांची चित्रे कागदाकडे न पाहता काढायला लावतो. चित्रे अर्थातच विनोदी होतात. कान खांद्यावर येतो, नाक गालाबाहेर जाते. वर्गात हशा पिकतो. पण त्या वेड्यावाकड्या रेषेत एखाद्या मित्राचा पुढे आलेला खालचा ओठ असा काही उतरतो की, 'हा तर तोच!' असे सगळे एकदम ओरडतात. हुबेहूब नाही, तरी माणूस आहे. मुलांना इथेच पहिल्यांदा कळते की, सारखेपणा आणि खरेपणा या दोन गोष्टी आहेत.

विशेषण नको, क्रियापद हवे

यानंतर खरे काम सुरू होते. समोर माणूस बसवायचा आणि पहिली दहा मिनिटे पेन्सिल खाली ठेवायची. फक्त पाहायचे. मग वहीत तीन वाक्ये लिहायची. माझा नियम एकच: विशेषण चालणार नाही. 'आजी प्रेमळ आहेत' हे वाक्य खोडायचे, कारण 'प्रेमळ' कसे काढणार? 'आजी बोलण्याआधी ओठ मुडपतात', 'चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून त्यावरून पाहतात', 'एका हाताने दुसऱ्या हाताची बांगडी फिरवत राहतात' ही वाक्ये चालतात, कारण ती काढता येतात. स्वभाव दिसतो तो सवयीत, आणि सवय म्हणजे क्रियापद.

आपल्या भाषेला हे केव्हापासून ठाऊक आहे. नाक मुरडणे, भुवया उंचावणे, डोळे वटारणे, तोंड पाडणे, मान डोलावणे, कपाळाला आठ्या घालणे, पदर खोचणे! मराठीने माणसाचा स्वभाव असा हालचालींत टिपून ठेवला आहे. 'नाकीडोळी नीटस' एवढ्यावर फार तर लग्नाची जाहिरात होईल, व्यक्तिचित्र होणार नाही.

फोटोवरून काढायला मी मनाई करतो, तीही याच कारणासाठी. फोटोत माणूस एकाच क्षणापुरता असतो आणि बहुधा त्या क्षणी तो फोटोसाठी सावरून बसलेला असतो. प्रत्यक्ष समोर बसलेला माणूसही आधी असाच सावरून बसतो. ताठ पाठ, मिटलेले ओठ, 'मी बरा दिसतो ना?' अशी नजर. पण पंधरा-वीस मिनिटे झाली की कंटाळा येतो. खांदे उतरतात, नजर खिडकीबाहेर जाते, हात आपल्या जुन्या जागी जाऊन पडतात. तो माणूस आता आपल्या नेहमीच्या घरी परत आलेला असतो. मुलांना मी सांगतो, 'आता पाहा, खरे पाहुणे आत्ता आले!' पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा, मानेचा आणि खांद्यांचा कल मोजायचा. डोळे-नाक सगळ्यांत शेवटी. आणि खोडरबर दप्तरातच ठेवायचा. चुकलेली रेषा तशीच राहू द्यायची आणि तिच्याशेजारी दुसरी काढायची. शोधण्याच्या खुणा दिसल्या तर बिघडले कुठे?

एका शाळेत वर्ग झाडणाऱ्या मावशींना आम्ही असे बसवले होते. बारा मुले त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात. मी म्हटले होते, "मावशी, सरळ समोर बघा." थोड्या वेळाने मुले कुरकुरू लागली. एकाने तक्रार केली, "सर, मावशी सरळ बसतच नाहीत." पाहिले तर बहुतेक चित्रांत चेहरा डावीकडे वळलेला आणि उजवा कान पुढे आलेला. एक मुलगी मात्र गप्प होती. तिने वहीत लिहिले होते, 'कुणी बोलले की मावशींची मान वळते.' तिने जवळ जाऊन विचारले. मावशी हसून म्हणाल्या, "डाव्या कानानं लहानपणापासून ऐकू येत नाही, बाळा. मान आपोआप वळते." ही मुले पहिलीपासून त्या शाळेत होती. जिन्यावरून हाका मारून 'मावशी लक्षच देत नाहीत' म्हणत होती. त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांपैकीही कुणाला हे ठाऊक नव्हते. सात वर्षे रोज दिसणारे माणूस चाळीस मिनिटांत पहिल्यांदा पाहिले गेले. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गाची किल्ली मागायला गेली तेव्हा वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दुसरे उदाहरण एका मुलाच्या आजोबांचे. ते एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. मुलाने त्यांना बसलेले काढलेच नाही. स्वयंपाकघराच्या दारात, पाय फाकवून, कंबर चौकटीला टेकवून, दोन्ही हात मोकळे सोडून उभे असलेले काढले. म्हणाला, "खुर्ची असली तरी ते असेच उभे राहतात." चालत्या गाडीत आसनाच्या कडेला टेकून, एका हाताने तिकीट आणि दुसऱ्याने पैसे सांभाळणाऱ्या माणसाचे शरीर तीस वर्षांचे वळण विसरले नव्हते. चित्र पाहून आजोबा म्हणाले, "अरे, हा तर घाट चढतोय!" त्या चित्रात चेहरा जेमतेम जमला होता. पण माणूस पुरता आला होता.

नाकावरून माणूस मोजू नये

इथे एक धोक्याचा कंदील दाखवणे भाग आहे. 'चित्रातून व्यक्तिमत्त्व दाखवा' असे म्हटले की, चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव सांगण्याकडे मन धावते. बारीक डोळे म्हणजे लबाड, रुंद जबडा म्हणजे निर्दय वगैरे. या कल्पनेचा इतिहास वाईट आहे. अठराव्या शतकात लाव्हाटरने चेहऱ्यावरून चारित्र्य वाचण्याचे शास्त्रच मांडले. १८७६ साली इटलीत लोंब्रोसोने जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, असा दावा केला. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकाची रुंदी आणि लांबी मोजून त्याचा जातींच्या उतरंडीशी संबंध जोडला. हे सारे पुढे शास्त्र म्हणून टिकले नाही. पण आपल्या सिनेमातला खलनायक आणि मुलांच्या पुस्तकातला चोर अजून त्याच साच्यातून येतो.

म्हणून मी मुलांना बजावतो की, नाक हे वारशाने मिळते. त्यात त्या माणसाचे कर्तृत्व नाही आणि अपराधही नाही. डोळ्यांखालची सुरकुती, कलती मान, घट्ट मिटलेली मूठ हे मात्र त्याच्या जगण्यातून आले आहे. ते पाहा, पण त्याचा निकाल देऊ नका. घट्ट मूठ रागाचीही असेल किंवा नुसती थंडीचीही असेल. ठाऊक नसेल तर विचारा.

दुसरा धोका पाहण्यातल्या निष्ठुरतेचा. बादशहा जहांगीर याच्या दरबारातला इनायत खान अफू आणि दारूच्या व्यसनाने अस्थिपंजर झाला होता. १६१८ साली त्याला बादशहापुढे आणले तेव्हा त्याची दशा पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढायला सांगितले. इनायत खान लगेचच मरण पावला. त्याचे रेखाटन आज बॉस्टनच्या संग्रहालयात आणि रंगीत चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. तक्क्यांना टेकलेला तो मरणोन्मुख माणूस, उघडी छाती, दिसणाऱ्या बरगड्या! इतके प्रामाणिक निरीक्षण जगाच्या चित्रकलेत फार थोडे असेल. पण ते पाहताना मनात येतेच की, या माणसाला कुणी विचारले होते का?

आमच्या वर्गात विचारावे लागते. ज्याचे चित्र काढायचे त्याची परवानगी आधी आणि त्याला चित्र दाखवणे नंतर, हे दोन नियम पेन्सिलीइतकेच आवश्यक आहेत. ज्या चित्राकडे तो माणूस पाहील, ते काढताना हात आपोआप जबाबदार होतो. टिंगल करायची सवय यातूनच सुटते. कुणाचे तिरळे डोळे किंवा कुबड काढायचे नाही, असे मी म्हणत नाही. ते खोटे ठरेल. पण सगळे चित्र तेवढ्यावरच थांबले, तर मुलाने पाहणे अर्ध्यावर सोडले, एवढे मी त्याला सांगतो.

घरातलीच माणसे

या कामासाठी थोर माणसे शोधायला नकोत. आपल्याच चित्रकारांकडे पाहा. गोव्याच्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांना १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले ते पत्नी फ्लोरा हिच्या चित्राला. सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ज्योतीच्या उजेडाने आरपार तांबूस झालेली तिची बोटे पाहायला आजही लोक थबकतात. तिच्यासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी. वासुदेव कामत यांना २००६ साली पोर्ट्रेट सोसायटी ऑफ अमेरिकेचा ड्रेपर पुरस्कार मिळाला तोही पत्नीच्या चित्रासाठी. पत्नी, मुलगी, पुन्हा पत्नी. ज्या माणसाला आपण सर्वांत गृहीत धरतो, त्याच्याकडेच नव्याने पाहण्यात कस लागतो.

आणि एकच माणूस किती वेगवेगळा असू शकतो, हे मुलांना दाखवायचे तर पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी काढलेल्या चित्रांइतके चांगले उदाहरण नाही. एकात बालगंधर्व पुरुषवेषात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. चेहरा तोच. बदलला आहे तो मानेचा डौल, खांद्यांचा उतार, हातांचे ठेवणे. व्यक्तिमत्त्व नाकात नसते, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता पालकांचा नेहमीचा प्रश्न. "पण सर, आमचा मुलगा काही चित्रकार होणार नाही." बरोबर आहे, बहुतेक मुले होणार नाहीत. ती डॉक्टर होतील, वकील होतील, बँकेत काउंटरपलीकडे बसतील, शिक्षक होतील, सासू-सासरे होतील! यांपैकी कोणत्या कामात समोरच्या माणसाकडे पाहावे लागत नाही? मान वर न करता औषध लिहून देणारे डॉक्टर आणि 'पुढचा' म्हणून हाक मारणारे कारकून आपल्याला भेटतात, तेव्हा आपण माणुसकी हरवल्याची तक्रार करतो. माणुसकीचा तास वेळापत्रकात लावता येत नाही. पण माणूस पाहण्याचा तास लावता येतो, आणि तो चित्रकलेच्या शिक्षकाला घेता येतो.

अडचणी मलाही ठाऊक आहेत. वर्गात साठ मुले, तास पस्तीस मिनिटांचा, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला दिलेला. तरी साठ मुलांचे पाच गट करता येतात. प्रत्येक गटाच्या मधोमध एक जण बसला की झाले. कागद पाठकोरे चालतात, पेन्सिल प्रत्येकाकडे असतेच. महिन्यातून एकदा शाळेचे शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, फाटकाबाहेरचा चिंचा-बोरेवाला यांना पाहुणे म्हणून बोलवावे. राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२० पासून कला इतर विषयांत गुंफण्याची भाषा आहे. मग मराठीच्या तासाला व्यक्तिचित्र लिहायचे आणि चित्रकलेच्या तासाला त्याच माणसाचे काढायचे, यापेक्षा सोपी गुंफण कोणती? आणि इंटरमिजिएटच्या परीक्षेत भांडी-फळांबरोबर समोर बसलेला एक जिवंत माणूस ठेवण्याचा विचार कला संचालनालयाने जरूर करावा. तपासनीसांना गुण देणे जड जाईल, हे खरे. जड जाते म्हणून ते शिकवायचेच नाही, हे मात्र पटत नाही.

तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. आज रविवार आहे. जेवणे झाल्यावर घरातल्या मुलाला एक कागद द्या आणि आजीला किंवा बाबांना खुर्चीवर बसवा. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिली दहा मिनिटे कुणी काही काढू नये. 'नाक जमलं नाही' असे कुणी म्हणू नये आणि 'हुबेहूब' असेही म्हणू नये. चित्र झाल्यावर मुलाला एवढेच विचारा, "आज तुला असं काय दिसलं, जे काल दिसलं नव्हतं?"